सर्वांची दुसरी पसंती

आमच्या इमारतीची लिफ्ट सात महिने बंद होती आणि तिच्या दारावर ‘काम प्रगतिपथावर आहे’ अशी पाटी होती. काम कुणी पाहिलं नव्हतं. पाटी मात्र दोनदा नवी करून झाली होती. दुरुस्ती सोसायटीच्या अध्यक्षांच्या मेहुण्याकडे होती. अध्यक्ष स्वतः ठेकेदार. गेल्या निवडणुकीत तेवीस घरांपैकी नऊ घरांनी त्यांना मत दिलं. उरलेल्या चौदा घरांना ते नको होते, पण ती मतं निवृत्त हेडमास्तर आणि औषधदुकानदार यांच्यात सात-सात वाटली गेली आणि ठेकेदार हार घालून घरी गेले.

असं पुन्हा घडू नये म्हणून संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी पसंतिक्रमाची पद्धत सुचवली. उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली, तर ज्याला ती सर्वांत कमी, तो बाद. बाद झालेल्याला पहिली पसंती देणाऱ्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे जाणार.

“यात कुणाचंही मत वाया जात नाही,” प्राध्यापक म्हणाले.

ठराव एकमताने मंजूर झाला. न समजलेले ठराव आमच्याकडे एकमतानेच मंजूर होतात.

औषधदुकानदार या वेळी उभा राहिला नाही. त्याच्याऐवजी आम्हीच आग्रह करून तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला उभं केलं. मेहुण्याच्या कारखान्यात जाऊन “आमची मोटर कुठाय?” असं विचारणारी इमारतीतली ती एकमेव व्यक्ती होती. मोटर तिने शोधूनही काढली. ती मोटर दुसऱ्याच एका इमारतीची लिफ्ट उत्तम चालवत होती.

जिन्यात भेटेल तो तिला थांबवून सांगे, “सिस्टर, माझ्या मतपत्रिकेत तुम्ही नक्की आहात हं!”

यात कुणीही खोटं बोललं नाही.

मी माझंच सांगतो. हेडमास्तरांनी माझ्या मुलीला फुकट गणित शिकवलं होतं. त्यांना एक नाही दिला तर वाईट दिसलं असतं. सिस्टरला काय, सगळेच एक देणार होते. माझ्या एका आकड्याने तिचं काय अडणार होतं? मी तिला ठसठशीत दोन दिला. ठेकेदारांना ज्यांनी एक दिला, त्यांना गाडीसाठी सावलीतली जागा मिळणार होती. त्यांनीही सिस्टरला दोन दिला, मन हलकं व्हावं म्हणून. खुद्द सिस्टरनेही स्वतःला दोनच दिला. स्वतःच स्वतःला एक द्यायचा तिला संकोच वाटला.

पाचव्या मजल्यावर एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर एकट्याच राहत. गुडघ्यांमुळे त्या सात महिने खाली आल्या नव्हत्या. त्यांचं मत घ्यायला प्राध्यापक पेटी घेऊन वर गेले. मी साक्षीदार.

“सिस्टरला एक,” ऑपरेटरबाई म्हणाल्या. “झालं.”

“बाकीचे आकडेही घालावे लागतील. नाहीतर मत बाद.”

“अहो, मला ते दोघंही नकोत.”

“नकोत यालाही क्रम असतो,” प्राध्यापक धापा टाकत म्हणाले. “कमी नको कोण?”

बाईंनी बराच विचार केला. “लिफ्टसाठी मी अर्ज केला, तर हेडमास्तरांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवला. ठेकेदार निदान हसून ‘आठ दिवसांत करतो’ म्हणतो. त्याला दोन घाला.”

मोजणी झाली. ठेकेदार अकरा, हेडमास्तर अकरा, सिस्टर एक. दुसऱ्या पसंतीची मतं मात्र सिस्टरला बावीस होती.

“बावीस!” प्राध्यापकांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. “इतकी सर्वमान्य उमेदवार मी आयुष्यात पाहिली नाही.” आणि त्यांनी तिच्या नावावर काट मारली. ती बावीस मतं मोजायची नव्हती. त्यांचे एक नंबरवाले अजून शर्यतीत होते. मोजायचा होता तो फक्त ऑपरेटरबाईंचा दोन. तो ठेकेदारांकडे गेला आणि बारा विरुद्ध अकरा मतांनी ठेकेदार निवडून आले. गेल्या वेळी त्यांना बहुमत नव्हतं. या वेळी शास्त्रशुद्ध होतं.

सिस्टर वर सांगायला गेली. ऑपरेटरबाईंनी बोटांवर मतं पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, “म्हणजे मीच निवडून दिला होय गं त्याला?”

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसरा वाट पाहत होता. त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायला चार माणसं हवीत, असं सिस्टरने अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी हा प्रश्नही लोकशाही मार्गाने सोडवायचं ठरवलं. घरोघरी कागद फिरला : खुर्ची कुणी उचलावी, पसंतिक्रम लिहा.

सिस्टर सोडून आम्ही एकवीस जणांनी एकमेकांना एक दिला. स्वतःला दोन.

त्या दिवशी सिस्टरने रजा काढली. नऊ वाजता ती पाचव्या मजल्यावर खुर्चीपाशी उभी होती. बाई नवी साडी नेसून, रुग्णालयाची फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी दार किलकिलं करून ऐकत होतो. जिन्यात पावलं वाजली की निघायचं, असं माझं ठरलेलं होतं. बाकीच्या दारांच्या कड्याही निघाल्याचा आवाज आला, म्हणजे त्यांचंही ठरलेलं असावं. साडेदहाला बाई म्हणाल्या, “राहू दे गं. तारीख गेली.”

नवी तारीख दोन महिन्यांनी आहे. डोळा तोवर थांबला तर बरं.

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही तिथे असतो तर नक्की आलो असतो.’ त्याबद्दल मला जराही शंका नाही. कुणीच आलं नसतं, तर तुम्ही नक्की आला असता. आम्हीही कागदावर हेच लिहून दिलं आहे.