तळ्याचा सामना आणि मानाची रांग

चुळबुळ न करता ऐका, मुलांनो. एका जंगलात फुटबॉलची टूम निघाली.

टूम कसली, गरजच होती. वेशीवर एकच तळं, आणि डोंगरापलीकडच्या जंगलालाही तेच हवं होतं. भांडणापेक्षा सामना बरा, असं ठरलं. जिंकेल त्याचं उन्हाळाभर तळं. हरेल त्याने दोन कोस चालून डोहावर जायचं.

संघाची रचना करायला वडीलधारी मंडळी बसली. लग्नाच्या पंगतीत पानं मांडतात, तशीच त्यांनी मैदानावर माणसं, म्हणजे जनावरं, मांडली. पुढे मानकरी, मागे पोरंटोरं. त्यामुळे सर्वांत पुढे दीडशे वर्षांचे कासवअण्णा आणि शेजारी गजाभाऊ हत्ती. गोलात ससा.

मध्यंतरापर्यंत तीन गोल बसले. तिसरा तर सशासकट आत गेला.

प्रशिक्षक होत्या टिटवीबाई. त्या काकुळतीला आल्या. "गजाभाऊ, तुम्ही गोलात उभे राहा. नुसते उभे राहा. अण्णा, तुम्ही त्यांच्या पुढ्यात बसा. ससे आणि हरणं पुढे पळतील."

"आम्ही मागे?" अण्णा म्हणाले, आणि डोकं आत घेऊन बसले.

पण तळ्याकडे बघून दोघं कसेबसे तयार झाले. आणि काय सांगू! गजाभाऊंनी गोल पार भरून टाकला. चेंडू पोटावर आपटून परत जाऊ लागला. इकडे सशांनी बघता बघता तीन गोल केले. बरोबरी! खोटं कशाला बोलू, मीही उड्या मारत होतो.

दोन मिनिटं उरली. तेवढ्यात गजाभाऊंच्या आत्याबाई बांधावरून कडाडल्या, "काय रे गजा, थोरल्या घरचा तू, आणि पोरांच्या पाठीमागे उभा? उद्या पंगतीतही मागेच बसवतील हो तुला!"

गजाभाऊंना ते लागलं. ते सावकाश चालत पुढे येऊन उभे राहिले. समोरच्या कोल्ह्याने लांबूनच रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. तळं गेलं.

संध्याकाळी सभा भरली. चूक टिटवीबाईंची निघाली. मोठ्यांना मागे उभं केल्यावर दुसरं काय होणार? त्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे तहानलेले डोहाकडे निघाले. रीतीप्रमाणे अण्णा पुढे. त्यांना ओलांडून जायचं कसं? ससे, हरणं, त्यांची पाडसं, सगळी जिभा बाहेर काढून मागून चालली आहेत. आज पाचवा दिवस.

तात्पर्य: खेळाडू बघून रचना करावी, हे परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. प्रत्यक्षात आधी रुसणाऱ्यांच्या जागा ठरवाव्यात आणि उरलेल्या जागी खेळणाऱ्यांना उभं करावं. पाणी काय, पुढच्या वर्षीही पिता येतं.