खुशालरावांच्या नाकातले बोळे

"यंदा जवाई दोन दिवस राहते म्हणजे राहते! लावा पैज!" शकुंतलाबाईंनी दिघोरीभर जाहीर करून टाकलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, वीरेंद्र जवाई वरठीहून आले आणि पहाटेच, चहासुद्धा न घेता, मोटारसायकलला किक मारून पळाले. बाईंच्या मते कारण उघड होतं. नवरा, खुशालराव, घोरत. साधंसुधं नव्हे, नाकात धानाची गिरणी बसवल्यासारखं!

अशात मोबाइलवर ईमेल आला. 'प्रिय शकुंतला, आपणांस शांत झोप लागते का?'

बाईंनी दोनदा वाचलं. उभ्या संसारात हे कोणी विचारलंच नव्हतं!

"आई, लबाड असतेत ते. सगळ्यांलेच पाठवतेत," लेक रीता फोनवर ओरडली.

"सगळ्यांले कसे? माह्यं नाव लिहिलं हाये ना!"

आणि बाईंनी मागवलेले, घोरणं थांबवणारे, नाकात घालायचे दोन पांढरे बोळे घरी आले.

मंडईला जवाई आणि रीता आले. दुपारी मटणाचं जेवण झालं. खुशालराव ओसरीवर आडवे झाले, बाईंनी बोळे बसवले. गिरणी बंद! घरभर पाहुणे गाढ झोपले. बाई धन्याजवळ बसून कौतुकानं बघू लागल्या.

रोजचा आवाज नाही म्हणून शेजारच्या जनाबाई डोकावल्या. पाहतात तो काय, खुशालराव सरळ पडलेले, नाकात पांढरे बोळे, उशाशी बायको गप्प!

"माय वं! भाऊजी गेले गाऽऽ!"

झालं! मंडईचा भोंगा बंद. दंडारीत नाचणाऱ्या गड्यांनी घुंगरं सोडली. जिलेबीवाल्यानं भट्टी विझवली. शेजारचा टेकचंद तर तिरडीसाठी बांबू तोडायलाही निघाला! बाई "जिते हायेत, जिते हायेत" म्हणत होत्या, पण बायांनी "धक्का बसला बिचारीले" म्हणत त्यांनाच धरून ठेवलं.

त्या गलक्यानं खुशालराव नाकातले बोळे अंगणात भिरकावत उठून बसले.

"कोण मेलं गा?"

जनाबाई दोन उड्यांत अंगणाबाहेर!

भोंगा पुन्हा सुरू झाला; बाईंचा जीव मात्र जवाईत. ते मोटारसायकलीजवळ वाकून काहीतरी शोधत होते.

"जाऊन राहिले का, जवाईबुवा?"

"नाही आई, ते बोळे कुठं पडले पाहून राहिलो. फेकून देतो! मागच्या वेळी सकाळची ड्युटी होती, म्हणून पळालो. मामाजी घोरतेत तेच बरं हाये. त्या आवाजात तुमच्या रीताचं घोरणं ऐकू येत नाही!"

बाईंनी कानाला खडा लावला. आता असला ईमेल उघडायचाच नाही!

संध्याकाळी मोबाइल वाजला. 'प्रिय शकुंतला, आपले गुडघे कसे आहेत?'

आता गुडघे खरंच दुखत होते, त्याला बाई तरी काय करणार!