वाचले. चूक नाही.

छापखान्यातून कुठलाही कागद बाहेर पडण्याआधी त्यावर अप्पांच्या लाल पेनाने "वाचले. चूक नाही." असं लिहिलेलं असावं लागे. अप्पा छापखान्याचे मालक आणि सूनबाईंचे सासरे. यातलं कुठलं पद जास्त कडक, हे सूनबाईंना अजून ठरवता आलं नव्हतं. प्रूफ ते मोठ्याने वाचत, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. जेवणानंतर मात्र आवाज हळूहळू खाली जाई, मागोमाग चष्मा खाली येई, आणि कॅबिनमधून येणारा पुढचा आवाज वाचनाचा नसे.

एके दिवशी खगोलशास्त्राचे प्राध्यापक आपलं पुस्तक घेऊन आले. पानोपानी सूर्य, चंद्र, गुरू, शनी यांची चिन्हं.

"नेहमीच्या फाँटात ही सगळी मिळत नाहीत, म्हणून मी स्वतःच फाँट बनवलाय," म्हणत त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. "बसवायला अगदी सोपा आहे."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. "हे काम नीट झालं तर अक्षरजुळणीचं खातं यापुढे तुझं. घोळ झाला तर जुळणी बाहेर देणार. मग तू काउंटरवर बसून ऑर्डरी घे."

सूनबाईंना ते खातं मनापासून हवं होतं. काम त्या करत आणि शाबासकी कॉम्प्युटरला मिळे, असं फार दिवस चाललं होतं.

फाँट अगदी सोपा निघाला नाही. कॉम्प्युटर म्हणे, बसला. जुळणीच्या प्रोग्रामला मात्र तो दिसेना. प्रोग्राम बंद करून उघडला, तर शनीच्या जागी रिकामे चौकोन. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, तर प्रोग्रामच उघडेना. शेवटी फाँट मुळापासून काढून पुन्हा बसवला, तेव्हा कुठे कळ दाबल्यावर पडद्यावर सूर्य आला.

"उगवला बाई एकदाचा!"

नवा फाँट चालतो का हे बघायला मनात येईल ते बडवायचं, ही या धंद्यातली जुनी खोड. बोटं मराठीच्या कळा दाबत होती आणि पडद्यावर ग्रह उमटत होते. हे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, या आनंदात सूनबाईंनी फार दिवस पोटात असलेलं लिहून टाकलं: "अप्पा प्रूफ वाचत नाहीत, पेंगतात". पडद्यावर चंद्रकोर, दोन धूमकेतू, बरंच काही आणि शेवटी एक रुबाबदार शनी. त्यांना इतकं बरं वाटलं की त्या एकट्याच हसल्या.

"वा! ही पट्टी कसली?" मागून आवाज आला. प्राध्यापक आणि त्यांच्या पाठीशी अप्पा.

"काही नाही सर, सहज. तिला काही अर्थ नाही."

"अर्थ आतल्या पानांत भरपूर आहे हो! ही प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर टाका."

"दुसरी करून देते ना, याहून छान..."

"छे छे, हीच! या शनीला धक्का लावायचा नाही."

"शास्त्रीय दिसतंय," अप्पांनी निकाल दिला. "टाक."

माणूस आपल्या पायावर एक धोंडा पाडून घेतो. पुस्तकात प्रकरणं बारा होती.

सूत्रांमधली चिन्हं सूनबाईंनी आधीच चित्रं करून बसवली होती, म्हणजे ती कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसावीत. पट्ट्यांचं तेवढं राहिलं. "आल्यावर करते," म्हणून त्या दात दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या.

त्यांचे यजमान न बोलावता मदत करण्यात पटाईत. त्यांनी फाईल कॅबिनमधल्या कॉम्प्युटरवर नेली आणि प्रूफ छापून टाकलं. त्या कॉम्प्युटरवर ग्रहांचा फाँट नव्हता. त्याने आपल्याकडचा साधा मराठी फाँट लावला आणि काम उरकलं.

अर्धा गाल बधिर घेऊन सूनबाई परतल्या.

"काम फत्ते! प्रूफ काढलं, अप्पांनी पासही केलं. प्राध्यापक निघालेत तिकडून."

"अहो, कुठल्या कॉम्प्युटरवरून काढलंत?"

"कॅबिनमधल्या. का गं?"

सूनबाईंनी गठ्ठा ओढला. पहिल्या प्रकरणाच्या माथ्यावर ठळक मराठीत: अप्पा प्रूफ वाचत नाहीत, पेंगतात. दुसऱ्याच्या माथ्यावर तेच. बाराव्याच्याही. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत: वाचले. चूक नाही.

यजमानांनी ते आत्ता प्रथमच वाचलं आणि मटकन खाली बसले. "मेलो."

"उठा! वाचलं असतं तर सही केली असती का त्यांनी?" सूनबाई एका बाजूनेच हसल्या, दुसरी बाजू अजून बधिर होती. "चला कॅबिनमध्ये."

कॅबिनमध्ये अप्पा खुर्चीत मान टाकून होते. सूनबाईंनी पेनड्राइव्ह लावला. फाँट बसवायला कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला.

"अप्पा आईंना काय म्हणतात?" सूनबाई कुजबुजल्या. "कुणी ऐकत नसताना?"

यजमानांनी लाजत लाजत त्यांच्या कानात सांगितलं. पासवर्ड लागला. फाँट बसला, पहिल्याच फटक्यात. ग्रह आपापल्या जागी आले, नवं प्रूफ निघालं आणि जुनं टोपलीत गेलं, तोच प्राध्यापक दारात उभे.

त्यांनी बाराही पट्ट्यांवरून हात फिरवला. "अप्रतिम! एका चिन्हाला नाव ठेवायला जागा नाही. माझं पुढचं पुस्तक इथेच, आणि जुळणी यांचीच."

सूनबाईंची मान अशी ताठ झाली की त्या बधिर गालही विसरल्या. प्राध्यापक गेले. अप्पा उठले, टोपलीपाशी वाकले आणि जुना गठ्ठा बाहेर काढला.

"पाठकोरे कागद फेकायचे नाहीत, किती वेळा सांगितलं?"

यजमानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सूनबाईंनी मात्र ठरवलं, आता माघार नाही. "अप्पा, न वाचता सही केलीत तुम्ही यावर!"

"न वाचता?" अप्पांनी चष्मा चढवला आणि माथ्यावरच्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे लाल शाईचा एक टपोरा पूर्णविराम होता. सूनबाईंनी भराभर पानं उलटली. बाराही ओळींना लाल पूर्णविराम दिलेला होता.

"तुझा राहिला होता, मी दिला," अप्पा म्हणाले. "बाकी मजकुरात काय चूक आहे?"

अप्पांनी खिशातलं लाल पेन काढून सूनबाईंपुढे ठेवलं.

"जुळणीचं खातं तुझं. आणि पेंगणाऱ्याने प्रूफ वाचू नये, तेव्हा हेही तूच धर." दाराशी जाऊन ते थांबले. वळले नाहीत, पण त्यांचे कान लाल झालेले दिसत होते.

"आणि तो पासवर्ड मी आजच बदलतोय."