मामांनी बसवलेला फिल्टर

गुणवंतामामा मंगेशच्या गाडीत उलटे झोपले होते. पाय दाराबाहेर, डोकं डॅशबोर्डाखाली. गाडीचा एसी तपासायचा तर असंच झोपावं लागतं, असं त्यांचं मत होतं, आणि मामांच्या मतावर सौंसरात सहसा कुणी अपील करत नसे. मामांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे, कारण ती पुन्हा कुणाला उघडताच येत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगेशच्या बहिणीला, करुणाला बघायला बैतूलहून पाहुणे येणार होते. पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून त्यांना सौंसरला आणायचं काम मंगेशचं. मे महिना. मुलाच्या आईने, देवकाबाईंनी, फोनवर पत्रिका विचारली नव्हती, उंची विचारली नव्हती. दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा एकच विचारलं होतं, "गाडीतला एसी चालू हाय ना जी? मले ऊन सोसत नाही."

आणि एसीचा फिल्टर उंदरांनी खाल्ला होता. मिस्त्री म्हणाला, नवा नागपूरहून येईल, चार दिवस लागतील.

"हवा गाळाचीच ना?" मामा डॅशबोर्डाखालून म्हणाले. "घरात कापसाचा ढीग भावाची वाट पाहून राहिला, अन् आपण नागपूरची वाट पाहून राहिलो."

मंगेशला स्वतःची लाज वाटली. इतकी साधी गोष्ट आपल्याला का सुचू नये? करुणा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने दोन तास बसून कापसातली सरकी एकेक करून काढली, कापूस बोटांनी पिंजला. मामांनी त्याच्या चार गाद्या केल्या आणि हवा जिथून येते त्या चारही जाळ्यांमागे ठासल्या. झाडाखाली दहा मिनिटं एसी लावून पाहिला. करुणाने शाल मागितली. मंगेशने मनातल्या मनात मामांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे तिघे मागे बसले: देवकाबाई, मुलगा अभिजीत आणि त्याचे वडील पुंडलिकराव. बायोडाटात वडिलांपुढे फक्त 'सेवानिवृत्त, खरेदी विभाग' असं लिहिलं होतं, आणि ते बोलतही तेवढंच. मामा पुढे, देखरेखीला.

पांढुर्णा सुटलं तेव्हा गार हवा येत होती. अर्ध्या वाटेत ती विचार करून येऊ लागली. गारव्याने ओल धरली, ओलीने कापूस फुगला, फुगलेल्या कापसाने वाट अडवली. मंगेशने एसी पूर्ण वाढवला. त्यात पुढे कडब्याचा ट्रक आला. कडबा दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला, की ओलांडायचं म्हणजे शेतातून जायचं. गाडी रांगू लागली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला.

"मामा, इंजिन तापून राहिलं," मंगेश हळूच म्हणाला.

मामांनी काट्याकडे पाहिलं, एसी बंद केला आणि हीटर लावला. पूर्ण. बाहेर चव्वेचाळीस.

"हे काय करून राहिले?" देवकाबाईंनी विचारलं.

"इंजिनाले ताप आला, ताई," मामा शांतपणे म्हणाले. "आता तो आपण सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्याचा."

यात शास्त्र होतं. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढतो. काटा खरोखरच खाली येऊ लागला आणि मंगेशचा ऊर भरून आला. पण त्या गरम हवेने जाळ्यांमागच्या गाद्या वाळवल्या. वाळलेला कापूस हलका झाला. आणि जामसांवलीच्या हनुमानाच्या देवळाअलीकडे चारही जाळ्या एकदम मोकळ्या झाल्या.

गाडीत कापूस उडाला. पाचही जण घामाने निथळत होते, त्यामुळे जो जिथे लागला तो तिथेच बसला. मंगेशने गाडी कडेला घेतली. देवकाबाई डोळे मिटून हनुमानाला काहीतरी बोलत होत्या. सोयरीक मोडली, हे मंगेशला कळलं. करुणाला काय सांगायचं, एवढंच उरलं होतं.

पुंडलिकरावांनी मिशीवरचा एक पुंजका काढला. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला. उजेडात धरला. पुन्हा ताणला. तीस वर्षं त्यांनी सरकारी केंद्रावर कापसाचीच प्रत ठरवली होती.

"धागा लांब हाय," ते म्हणाले. स्टेशनापासूनचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. "सरकीचा कण नाही, कचरा नाही. माह्या सगळ्या नोकरीत असा कापूस नाही पाहिला. कोनं निवडला हा?"

"करुणानं," मंगेश म्हणाला.

"आमच्याकडून पक्कं," पुंडलिकराव म्हणाले आणि पुंजका रुमालात बांधला. देवकाबाईंनी डोळे उघडले, पण नवऱ्याने प्रत लावली की ती बदलत नसे, हे त्यांना ठाऊक होतं. मामांनी मान डोलावली, जणू फिल्टर त्यासाठीच बसवला होता.

गाडी सौंसरला घरापुढे थांबली. मंगेश धावत आत गेला, तर करुणा खिडकीशी उभी. बाहेर अभिजीत उतरत होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, उष्म्याने पाठ वाकलेली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बायोडाटात एकोणतीस लिहिलं होतं ना रे?"

मागून मामा आले, त्यांनी खिडकीतून नीट पाहिलं.

"घाबरू नको, पोरी," ते म्हणाले. "अंगणात बसवून दोन बादल्या पाणी टाकतो. मग सांग, माल पसंत हाय का नाही."