चंद्रे, आता डावीकडं

दगडूमामा घोडीला वळणं सांगतात. दोर हातात, घोडी मुकाट मागून येतेय, तरी मामांचं तोंड चालूच. "चंद्रे, आता डावीकडं. हितं खड्डा हाय. आता सरळ." मैदानापासून तबेला पन्नास पावलांवर. डोळे मिटून जाईल ती. पण मामा तिला एकटी सोडतील तर शपथ. "मानसानं जनावराला वाट दावायची. जनावरानं मानसाला न्हाय," हे त्यांचं पालुपद.

सोलापूरबाहेर तुळजापूर रस्त्याला आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि मामा सांभाळतात ती ही घोडी, चंद्री, तिथल्या उपचाराचा भाग आहे. पूर्वी ती वरातीत नाचायची. अजूनही लांबून बँड ऐकू आला की पुढचे पाय उचलते. मग मामा ओशाळून आम्हा पेशंटांना सांगतात, "तिलाबी जुनी सवय हाय. सुटंल हळूहळू."

आम्ही तिला खरारा करायचा, चारा घालायचा, फिरवायचं. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणतात, माणसाला फसवता येतं, घोडीला नाही. मन थाऱ्यावर नसलं की ती पाऊल उचलत नाही. माझ्यासाठी तिनं आठ दिवस पाऊल उचललं नाही.

पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "काय करता?"

"हायस्कुलात शिक्षक आहे. भूगोल शिकवतो."

"म्हंजे साऱ्या जगाच्या वाटा ठावं असतील की!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण शाळा सुटली की मी बारमध्ये बसायचो आणि तिथून भूगोलाच्या मास्तरला स्वतःचं घर सापडायचं नाही. माझी मुलगी प्राजक्ता स्कूटीवरून न्यायला यायची. लायसन्स नव्हतं तेव्हापासून. "सर, ताई आली," असं वेटर सांगायचा. तो माझाच जुना विद्यार्थी. मी "पाच मिनिटं" म्हणायचो आणि आणखी एक मागवायचो. हे लिहितानाही कान तापतात.

रविवार घरच्यांचा असतो. बायकोनं यायला साफ नकार दिला. प्राजक्ता आली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन. डबा ठेवला आणि घड्याळ बघितलं. ही आता पुन्हा येणार नाही, असं मला वाटलं. का यावं तिनं, हेही मला सांगता आलं नसतं.

मॅडमनी दोघांना मिळून घोडी फिरवायला सांगितलं. प्राजक्तानं दोर घेतला आणि चालू लागली. मी मान खाली घालून मागं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामा मात्र तरातरा धावत आले.

"ए पोरी, सोड त्यो दोर! वाट मास्तर दावतील."

"त्यांना नाही जमत," ती म्हणाली. रागानं नव्हे, सवयीनं.

मामा मटकन बाकावर बसले.

"माजा टांगा हुता," ते म्हणाले. "मी पिऊन आत झोपायचो, घोडी बरोबर घरी आनायची. लोकं तिचं कवतिक करायची. मीबी करायचो. ती हाय म्हनून आनखी प्यायचो. एकदा बायको लेकीला घिऊन जेऊरहून येनार हुती, दुपारच्या गाडीनं. मी ठेसनावर टांगा लावला, तितंच प्यालो, झोपलो. घोडीनं रोजच्यावानी घरी आनला. त्या दोगी ठेसनावर बसून ऱ्हायल्या. सांजच्या गाडीनं परत गेल्या, त्या गेल्याच."

मग त्यांनी प्राजक्ताकडं पाहिलं. "तू काय करायचीस गं, वाट बघताना? रडायचीस?"

"आधी रडायचे. मग स्कूटीवर बसून अभ्यास करायचे."

मला हे माहीत नव्हतं. बारमधून बाहेर आल्यावर मी कधी विचारलंच नव्हतं. 'आलीस का बाळा' म्हणून मागं बसायचो, बस्स. आजवर स्टाफरूममध्ये, सोसायटीत, सासुरवाडीत तोंड लपवलं, पण त्या वाक्यानं वाटली तेवढी लाज कधी वाटली नव्हती.

प्राजक्तानं दोर माझ्या हातात दिला आणि चंद्रीनं पाऊल उचललं. मामाही उठले आणि चंद्रीच्या बाजूनं चालू लागले. तबेल्याचं वळण आलं. मामा गप्प. त्यांचं लक्ष कुठंतरी स्टेशनावर होतं. चंद्री थांबली. सांगितल्याशिवाय वळायचं नाही, हेच ती इतकी वर्षं शिकली होती. आता सगळेच उन्हात उभे.

मी घसा खाकरला.

"मामा," मी म्हणालो, "चला. आता डावीकडं."

घोडी वळली. मामाही वळले. चार पावलांवर त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "मास्तर, खड्ड्याचं कोन सांगंल?"

"हितं खड्डा हाय," मी सांगितलं.

मागून प्राजक्ताची पावलं येत होती. "पप्पा," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी डब्यात काय आणू?"

वळून तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही. दोर धरून मी पुढं बघत चालत राहिलो.