अच्छन अनिवासी होतात

बँकेतलं काम मी दहा मिनिटांत उरकणार होते! तेही डोळ्यांतून टिपूस न काढता. वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. खातं वडिलांच्या, म्हणजे अच्छनच्या, आणि अम्माच्या नावावर. त्यातलं अच्छनचं नाव काढायचं, एवढंच. घाई आचाऱ्याची होती. सोळाव्या दिवसाच्या श्राद्धजेवणाचा इसार मागत तो ओसरीवर ठाण मांडून बसला होता.

केरळातल्या चावक्काडची दुपार. बँकेतले पंखे जांभया दिल्यासारखे फिरत होते. काउंटरवरची बिन्सी मान खाली घालून शिक्के मारत होती.

"अच्छन गेले," मी म्हणाले. बाकीचं वाक्य राहूनच गेलं.

"अय्यो! कधी?"

"मंगळवारी."

"अचानक बोलावणं आलं?"

"अचानकच."

"तसंच येतं, चेची! आमचे हे तर भरल्या ताटावरून उठून गेले. तीन वर्षं झाली."

मला 'चेची', ताई म्हणणारी एवढीशी पोर आणि विधवा! मी तिचा हात धरला.

"दर शुक्रवारी फोन असतो, म्हणून बरं," ती म्हणाली.

दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं! मला तिचा हेवाच वाटला.

तिनं एक अर्ज पुढे सरकवला. 'देश सोडल्याची तारीख.' 'बाहेर राहण्याचं कारण: नोकरी, व्यवसाय की अनिश्चित काळ.' आणि वर ठळक अक्षरांत: अनिवासी. जन्मभर पुस्तकं वाचली, पण मरणाबद्दल इतक्या संयमानं कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं! भारावून मी 'अनिश्चित काळ'वर खूण केली.

"तिथला पत्ता?"

"तो कसा कळणार?"

"पोचले की कळवतील. नंतर आणा."

दुसऱ्या दिवशी अम्मा पैसे काढायला गेली आणि हात हलवत परत आली.

"खातेदार परदेशात आहेत म्हणे. ते हयात असेपर्यंत मला हात लावता येणार नाही. त्यांचं मुखत्यारपत्र आणा म्हणाली ती पोरगी. मोळे, पोरी, नेमकं कुठे धाडलंस गं त्यांना?"

मी धावत बँकेत! मॅनेजर वर्गीस सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"अनिवासी माणसाच्या मृत्यूला इथला दाखला आमचा कॉम्प्युटर घेत नाही. आधी त्यांना परत आणावं लागेल."

"परत?"

"कागदोपत्री हो! मग दुसरा अर्ज, मृत्यूचा. पाच मिनिटांचं काम."

बिन्सी ओढणीनं डोळे पुसत होती. "चुकलं, चेची. आमच्याकडे गेले म्हणजे गल्फलाच गेले..."

मी आधी परतीचा अर्ज घेतला. 'मायदेशी कायमचे परतल्याची तारीख.' सव्वीस वर्षं अच्छन मस्कतला होते. दर सुट्टीच्या शेवटी आम्ही ही तारीख विचारायचो. आज मीच ती लिहिली. सरांनी शिक्का मारला. खिडकीतून खारा वारा आला. आत्ता ते नाक्यावर बसमधून उतरले असतील. काखेत दर सुट्टीला आणायचे ते भलंमोठं फुलाफुलांचं ब्लँकेट, या उकाड्यात!

"आता हा दुसरा," सर म्हणाले.

"उद्या भरला तर चालेल?"

घरी अम्मा दारातच उभी होती. "झालं काम?"

"अर्धं. अच्छन परत आले."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीकडे. "शाबास! आणि या आचाऱ्याला काय सांगू? ज्यांच्या सोळाव्याचं जेवण, तेच घरी आलेत, तू उद्या ये?"

मी त्याला नेमकं तेच सांगितलं. इसार न मागताच पळाला तो!