चालता-चालता करावयाच्या थट्टेबाबत

मोठा माणूस एकटा चालत नाही. एकटा चालणारा एक तर गरीब असतो, नाही तर वेडा, नाही तर त्याची एसटी चुकलेली असते. मोठ्या माणसाच्या मागे तीन पावलांवर चार-दोन माणसं असावीच लागतात. ती नसतील तर हा मोठा आहे, हे समोरून येणाऱ्याला कळायचं कसं? शास्त्रात या माणसांना सोबती म्हणतात. (गावात त्यांना वेगळा शब्द आहे, पण तो छापत नाहीत.)

खडकूळ सहकारी दूध उत्पादक संस्थेचे चेअरमन पुंजाराम आण्णा यांच्याकडे असे चार सोबती होते. त्यांत बन्सी सगळ्यांत जुना. अकरा वर्षं तो आण्णांच्या मागे होता आणि एवढ्या काळात त्यानं एकच वाक्य वापरलं होतं: "बरोबर हाय आण्णा." वाक्य साधं, पण कुठंही बसायचं. आण्णा म्हणाले ऊन आहे, तरी बसायचं. आण्णा म्हणाले कुठाय ऊन, तरी बसायचं. एकदा आण्णा नुसते शिंकले होते. तिथंही बसलं.

बन्सी उगाच मागे चालत नव्हता. त्याचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, आणि संस्थेचा टेम्पो ओढ्याच्या अलीकडेच थांबायचा. वस्तीवरच्या बाया दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायच्या. उन्हाळ्यात दूध टेम्पोपर्यंत पोचेतो नासायचं. पावसाळ्यात ओढा उतरेतो घरातच नासायचं. हिवाळ्यात दूध चांगलं राहायचं, बाया आजारी पडायच्या. टेम्पोनं माळावरून थोडा वळसा घातला असता तर तो थेट वस्तीत आला असता. एवढं आण्णांच्या कानावर घालायचं होतं, बाकी काही नाही. बायको बनुबाई रोज विचारायची, "घातलं का कानावर?"

"येळ बघून घालतो," बन्सी म्हणायचा.

वेळ बघण्यात अकरा वर्षं गेली. (सहकाराच्या मानानं ही गती चांगली समजतात.)

अशात अठ्ठ्याण्णव साली मिरजगावात सम्राट सरांनी कॉम्प्युटर क्लास काढला. उद्घाटनाला आण्णा. फीत कापली, नारळ फोडला (पाणी मशीनवर उडू नये म्हणून रस्त्यावर जाऊन), आणि सर म्हणाले, "आण्णा, एक बटन दाबा." पडद्यावर क्लासची माहिती असायला हवी होती. पण सर सकाळपासून गेम खेळत बसले होते आणि गडबडीत तो बंद करायचा राहून गेला होता. आण्णांनी बटन दाबलं. पडद्यावर चिलखत घातलेला एक कप्तान होता, तो एक पाऊल पुढे गेला. टाळ्या पडल्या. आण्णांनी पुन्हा दाबलं. कप्तान आणखी एक पाऊल पुढे. आण्णा खुर्ची ओढून बसले ते जेवायची वेळ टळून गेली तरी उठले नाहीत. हाच तो कोर्स, अशी त्यांची समजूत झाली आणि ती दुरुस्त करण्याचं धाडस कोणाला झालं नाही.

गेम अंतराळातला. कुठल्याशा परक्या ग्रहावरचा लाल माळ (कर्जत तालुक्यातलाच वाटावा, फक्त बाभळी नाहीत), पुढे कप्तान आणि मागे त्याचे चार सोबती: एक डोळा गेलेला शिपाई, एक डॉक्टरीणबाई, ज्याचा अख्खा ग्रहच फुटला असा एक हिरवा दुःखी प्राणी, आणि एक यंत्रमानव. कप्तान मुकाट चालायचा. मागे सोबती एकमेकांना टोमणे मारायचे. ते इंग्रजीत लिहून यायचे आणि सम्राट सर भाषांतर करायचे.

"शिपाई म्हणतोय, डॉक्टरीणबाई, तुमच्या सुईपेक्षा दुश्मनाची गोळी बरी. बाई म्हणतात, गोळी लागल्यावर सुई शोधत कोण येतं मग?"

"आन त्यो पत्र्याचा डबा काय म्हनतो?"

"तो म्हणतोय, मागच्या लढाईत शिपाई सुई नुसती बघूनच पडला होता."

आण्णा गुडघ्यावर हात मारून हसले. तेवढ्यात कप्तानानं एका कैद्याला सोडून दिलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: डॉक्टरीणबाईंना हे पटलं. शिपायाला हे पटलं नाही.

आण्णांचं हसू थांबलं. "म्हंजे ज्याच्या मनात जे हाय ते वर लिहून येतं?"

"हो आण्णा. त्यावरून निष्ठा वाढते, कमी होते."

"आपल्याकडं न्हाई येत," आण्णा म्हणाले. एखाद्या योजनेतून आपला तालुका वगळला गेल्यासारखा त्यांचा आवाज होता. "आन पटलं न्हाई, पटलं न्हाई असं हुतच गेलं, तर?"

"मग ऐन लढाईत तो सोबती बंदूक घेऊन समोरच्या पार्टीत जातो."

आण्णांनी पाणी मागितलं. संस्थेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. "ह्याला उपाय?"

"मागं चालताना ते जितकं मोकळं बोलतील तितकी निष्ठा पक्की, असं गेमवाल्यांचं म्हणणं."

आण्णांनी वळून आपल्या चौघांकडे पाहिलं. भिंतीला टेकून ठेवलेल्या पेंडीच्या पोत्यांसारखे ते बसले होते.

पुढच्याच सभेत ठराव आला. चेअरमनसाहेबांनी रोज सकाळी जीप न वापरता गावातून संकलन केंद्रापर्यंत पायी जावं, मागून सोबत्यांनी जावं, आणि जाताना आपापसांत थट्टा करावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. (ठरावातल्या 'थट्टा' या शब्दालाही कोणी हसलं नाही, यावरून सभेचं गांभीर्य ध्यानात यावं.) स्वभावांचं वाटप असं झालं:

संस्थेचे सेक्रेटरी गहिनीनाथ: टोमणे मारणारा सोबती. यांना काही शिकवावं लागलं नाही.

रामभाऊ बागायतदार: दुःखी सोबती. यांचा ग्रह फुटलेला नव्हता. उलट रस्त्याला लागून पाच एकर बागायत होती. चालताना उसासा टाकण्याजोगं दुःख त्यांनी आठ दिवसांत शोधावं, असं ठरलं. त्यांनी मोठ्या कष्टानं जावयाचं दुःख शोधलं.

जीपचा ड्रायव्हर तुषार: यंत्रमानव. जीप उभी राहिल्यानं तो मोकळाच होता. भावना नाहीत, फक्त सत्य बोलायचं. (दुसऱ्याच दिवशी यंत्रमानव म्हणाला, "आजच्या दुधात पानी जास्त हाय." तेव्हा दुरुस्ती करण्यात आली: यंत्रमानवाचं सत्य हे रस्त्याच्या पृष्ठभागापुरतं मर्यादित राहील.)

राहिला बन्सी. त्याच्या वाट्याला आला विरोध करणारा सोबती.

विरोध केला तर आण्णा दुखावणार. न करावा तर ठरावाचा भंग. रात्री भाकरी खाताना त्यानं बनुबाईला सगळं सांगितलं.

"न्हाई म्हनायचंय मला. रोजच्याला."

"मग त्यात काय? मला म्हनतोसच की."

"तुला येगळं. तिथं जमत न्हाई. जीभ वळत न्हाई."

"वळंल," ती म्हणाली. "हितं बस आन टेम्पोचं म्हन. मी आन्ना हाय समज."

बन्सीनं समोर पाहिलं. बनुबाईनं पदर खांद्यावर उपरण्यासारखा टाकला आणि मान जरा मागे नेली. बन्सीच्या तोंडातून आपोआप निघालं, "बरोबर हाय आण्णा."

पहिली सकाळ शांततेत गेली. मारुतीच्या देवळापाशी गहिनीनाथ म्हणाला, "बन्सी, तुझी चप्पल लई वाजती."

"व्हय," बन्सी म्हणाला.

पुढे बराच वेळ फक्त चप्पल वाजली. मग तुषार सपाट आवाजात म्हणाला, "म्होरं शेन हाय." आण्णा मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "जमतंय," ते म्हणाले. "जमतंय तुमाला." आणि वळायच्या नादात पाय नेमका शेणात पडला.

दुसऱ्या दिवशी बन्सीनं सगळा धीर गोळा केला. "आण्णा, माझा विरोध हाय."

"कशाला?"

एवढा विचार बन्सीनं केला नव्हता. "तुमी म्हनाल त्याला," तो म्हणाला.

आण्णा खूश झाले. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत इतका सोयीचा विरोध त्यांना भेटला नव्हता. त्यांनी बन्सीला टॉवेल-टोपी दिली. (सोबत्याला आवडीची वस्तू दिली की निष्ठा वाढते, असं गेममध्ये होतं. बन्सीला टोपी आवडते का, हे विचारण्याची सोय गेममध्येही नव्हती.)

टोपी घातल्यावर बन्सीला वाटलं, हीच ती वेळ. रात्रभर त्यानं वाक्य घोळवलं. विनंतीसारखं वाटू नये, थट्टेत शोभावं, आणि पोचावंही. सकाळी ओढा समोर आला. पलीकडून बाया परकर वर खोचून, किटल्या सांभाळत पाण्यात उतरत होत्या. अलीकडे टेम्पो सावलीत उभा होता. बन्सी म्हणाला,

"आण्णा, तुमचा टेम्पो पान्याला लई भितो. आमच्या बायांच्या पाठीवर बसवून आणू का त्याला?"

आण्णा असे हसले की त्यांना बांधावर बसावं लागलं. रामभाऊ जावई विसरून हसले. गहिनीनाथनं पाठ थोपटली. यंत्रमानवाला हसायची परवानगी नव्हती, तो तोंड फिरवून हसला.

"घातलं कानावर," बन्सीनं घरी येऊन सांगितलं.

"काय म्हनले?"

"लई खूश झाले."

बनुबाई सकाळी लवकर उठून दारात टेम्पोची वाट बघत बसली. मग किटली उचलून ओढ्याकडे गेली.

आण्णांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. शनिवारी काष्टीहून त्यांचे व्याही बाजार करून आले, तेव्हा आण्णा म्हणाले, "बन्सी, त्ये टेम्पोचं म्हन." बन्सीनं म्हटलं. व्याही हसले. शेवगावहून पाहुणे आले, म्हटलं. दूध संघाचे साहेब आले, त्यांना ओढ्यापाशी मुद्दाम नेऊन म्हटलं. साहेबांनी हसता-हसता विचारलं, "खरंच बायका यातून येतात?" गहिनीनाथ म्हणाला, "व्हय साहेब, त्याशिवाय इनोदाला मजा काय?" साहेबांना ते पटलं.

वाक्यावर सुधारणाही झाल्या. 'लई' जरा लांबवावा, असं रामभाऊंनी सुचवलं. 'टेम्पो'नंतर थांबावं, असं गहिनीनाथचं मत पडलं. सुधारणा लागू झाल्यापासून हशा दीडपट झाल्याचं आढळून आलं.

शेवटी एका सकाळी बन्सी चालता-चालता मध्येच उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली. "आण्णा, आज चेष्टा न्हाई. खरंच सांगतो. टेम्पो वस्तीवर पाठवा. बाया मरत्यात."

आण्णांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"चेष्टा न्हाई म्हनतो! टोपी काढून!" त्यांनी डोळे पुसले. "अरे, ह्याला म्हनत्यात कलाकार!"

बन्सीनं टोपी परत घातली. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही.

त्या रात्री बनुबाईनं पहिल्यांदाच काही विचारलं नाही. सकाळी ती किटली घेऊन ओढ्यातून आली, टेम्पोकडे न वळता तडक रस्त्यावर आली आणि आण्णांच्या समोर उभी राहिली. ओलं लुगडं पायांना चिकटलेलं.

"आन्ना, टेम्पो वस्तीवर पाठवा. न्हाई जमत आता."

कोणीच हसलं नाही. आण्णांनी मागे पाहिलं. "ही कोन?"

"बन्सीची मंडळी," गहिनीनाथ म्हणाला.

"हिला कोन्तं काम दिलंय?"

"कोन्तंच न्हाई."

आता पेच होता. वाक्याचा अर्थ तोच, पण बोलणाऱ्या व्यक्तीची नेमणूक नव्हती. नेमणूक नसलेल्याचं बोलणं थट्टेत धरता येत नाही, ते तक्रारीत जातं, आणि तक्रार तोंडी घेत नाहीत. गहिनीनाथनं ते समजावून सांगितलं. "बाई, लेखी अर्ज द्या. मासिक सभेत घिऊ."

"दूध मी घालती," बनुबाई म्हणाली. "अर्ज तुमी करायचा." आणि भरलेली किटली घेऊन ती आली तशी ओढ्यात उतरली.

बन्सीला वाटलं, काही तरी बोलावं. पण विरोधाचा ठराव आण्णांना विरोध करण्यापुरताच होता. बायकोच्या बाजूनं बोलणं कुठल्या स्वभावात बसतं, ते ठरलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका खासगी डेअरीचा टेम्पो माळाचा वळसा घालून वस्तीत आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाया कोरड्या पायांनी दारातून दूध घेऊन आल्या. त्यांना कोणी सोबती म्हणून नेमलेलं नव्हतं, त्यामुळे समोरच्या पार्टीत जाताना राजीनामा द्यावा लागला नाही.

खडकूळ संस्थेच्या कॅनांना तळ दिसू लागला. वस्तीवरच्या म्हशींच्या दुधाची फॅट सगळ्यांत चांगली, तिच्यावर संस्थेची अब्रू तरून होती. तातडीची सभा बोलावण्यात आली. आण्णा खरोखरच दुखावले होते, यात शंका नाही.

"बाया वड्यातनं यायच्या, दूध नासायचं," ते म्हणाले, "आन मला एकानंबी सांगू नये? एवढी मानसं मागं घिऊन फिरतो मी. एकानंबी?"

बन्सी उठला.

"मी सांगितलं हुतं आण्णा."

आधी रामभाऊंचा उसासा फुटला आणि त्याचं हसू झालं. मग गहिनीनाथ. मग यंत्रमानव, उघडपणे. आण्णांनी पोट धरलं, हात हलवून "बास, बास" म्हणाले, पण थांबता येईना. एवढं संस्थेच्या स्थापनेपासून कोणी कोणाला हसवलं नव्हतं. बन्सी उभाच होता. सगळे आपल्याकडे किती प्रेमानं बघतायत, हे त्याला दिसत होतं. आपलंही तोंड केव्हा पसरलं, हे मात्र त्याला कळलं नाही.

आता राहता राहिला आपला प्रश्न, वाचकहो. टेम्पोला बायांच्या पाठीवर बसवून आणायचं वाक्य बन्सी पहिल्यांदा बोलला, तेव्हा आपणही तिथं होतात. ओढा समोर होता, बाया पाण्यात उतरत होत्या. तेव्हा आपण काय केलंत, हे आपलं आपल्याला ठाऊक. हसला असाल, तर संकोच नको. हसणाऱ्याची संस्थेत मुलाखत घेत नाहीत. सकाळी सहाला मारुतीच्या देवळापाशी यायचं. तीन पावलं मागं राहायचं.